लष्करी खर्च, राज्यकारभार आणि कार्बन : न मांडलेला हिशेब

१९५१ सालच्या सप्टेंबर महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यामागील कारणांपैकी हिंदू कोड बिलाची चर्चा सर्वाधिक झाली आणि ते स्वाभाविकही होते. परंतु १० ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात आणखी एक मुद्दा होता. त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. देशाला वर्षाकाठी सुमारे ३५० कोटी रुपये महसूल मिळतो आणि त्यातील सुमारे १८० कोटी रुपये एकट्या सैन्यावर खर्च होतात, असे त्यांनी त्यात दाखवून दिले होते. म्हणजे मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग. या खर्चाचे मूळ त्यांनी परराष्ट्रधोरणात शोधले. मित्र जोडता आले नाहीत आणि काश्मीरचा प्रश्न मिटला नाही, म्हणून सैन्यावरील खर्चाचा भार वाढला, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या राजकीय निष्कर्षाशी कोणाचा मतभेद असू शकेल. परंतु त्यांची पद्धत आजही मार्गदर्शक आहे. सैन्यावरील खर्च हा केवळ सेनापतींच्या अखत्यारीतील विषय नसून तो राज्यकारभाराचा विषय आहे, आणि म्हणून त्याचा हिशेब लोकांसमोर मांडला गेला पाहिजे, हे त्या पद्धतीचे सार होय.

१९५१ मध्ये हा हिशेब रुपयांत मांडणे पुरेसे होते. आज त्यात आणखी एक रकाना वाढवावा लागतो, तो कार्बनचा. विमाने, रणगाडे, जहाजे आणि लष्करी वाहने जे इंधन जाळतात, शस्त्रनिर्मितीचे कारखाने जी ऊर्जा वापरतात, आणि युद्धखर्च भागविण्यासाठी जी जंगले तोडली जातात, त्या सर्वांतून कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्याचे परिणाम मात्र ज्यांनी शस्त्र पाहिलेही नाही अशा कोरडवाहू शेतकऱ्यांना आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांना भोगावे लागतात. विकसनशील देशांत लष्करी खर्च, राज्यकारभार आणि कार्बन उत्सर्जन या तिहींचा परस्परसंबंध कसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खर्चाचे आकारमान

स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘सिप्री’च्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगाचा एकूण लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता. तो आधीच्या वर्षापेक्षा ९.४ टक्क्यांनी अधिक होता आणि अशी वाढ होण्याचे ते सलग दहावे वर्ष होते. त्या वर्षी भारताचा खर्च सुमारे ८६ अब्ज डॉलर, तर पाकिस्तानचा सुमारे १० अब्ज डॉलर होता. याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बाकू येथे हवामान परिषद भरली. विकसनशील देशांच्या साहाय्यासाठी २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे उद्दिष्ट तेथे मोठ्या वादंगानंतर ठरले. दहा वर्षांनी गाठावयाचे हे उद्दिष्ट त्या वर्षीच्या लष्करी खर्चाच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतके आहे. पैसा कोठे सहज उभा राहतो आणि कोठे अडतो, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात यावे.

जगातील सर्व सैन्ये मिळून किती कार्बन सोडतात याचे नेमके मोजमाप झालेले नाही. ब्रिटनमधील दोन अभ्याससंस्थांनी २०२२ मध्ये एक अंदाज मांडला. त्यानुसार जागतिक उत्सर्जनातील सुमारे ५.५ टक्के वाटा सैन्यांचा व त्यांना लागणाऱ्या उद्योगांचा आहे. सर्व सैन्यांचा मिळून एक देश कल्पिला तर उत्सर्जनाच्या यादीत तो चौथ्या क्रमांकावर येईल. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मोजणी का झालेली नाही, हाच या विषयातील कळीचा प्रश्न आहे. त्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

शस्त्रांवरील पैशाचा कार्बन कसा होतो ?

लष्करी खर्च तीन वाटांनी वातावरणापर्यंत पोहोचतो. पहिली वाट थेट इंधनाची. लढाऊ विमान, युद्धनौका व रणगाडा यांची रचना वेग, बळ आणि संरक्षण यांसाठी केलेली असते; इंधनाची काटकसर हा तेथे दुय्यम विचार असतो. शिवाय सैन्य युद्धात नसतानाही स्वस्थ बसत नाही. सराव, गस्त, रसद व छावण्यांची देखभाल अव्याहत चालू असते. दुसरी वाट उद्योगांची. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि स्फोटके तयार करताना मोठ्या प्रमाणावर ऊर्जा लागते आणि विकसनशील देशांत ती बहुधा कोळशातून येते. तिसरी वाट डोळ्यांना दिसत नाही, पण ती दूरगामी आहे. जो पैसा शस्त्रांवर खर्च झाला तो जलविद्युत, रेल्वे, सिंचन वा वनीकरण यांवर खर्च होत नाही. ही न झालेली कामे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत.

यात कालावधीचाही विचार केला पाहिजे. मिग-२१ विमाने भारतीय वायुदलात १९६३ मध्ये दाखल झाली आणि त्यांतील शेवटची विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली. मधल्या काळात त्यांची अनेक सुधारित रूपे आली हे खरे. तथापि साठच्या दशकात घेतलेल्या एका निर्णयाची छाया बासष्ट वर्षे टिकली. शस्त्रखरेदीचा निर्णय एका मंत्रिमंडळाचा असतो. त्याने बांधून ठेवलेला इंधनाचा खर्च मात्र दोन पिढ्या वाहतात.

समाजशास्त्रज्ञ ग्रेगरी हुक्स व चॅड स्मिथ यांनी २००४ मध्ये या प्रक्रियेविषयी एक सिद्धांत मांडला. मराठीत त्याला ‘विनाशाचा घाणा’ म्हणता येईल. राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धेला स्वतःची अशी गती असते. एकाने शस्त्र घेतले की दुसरा घेतो, मग पहिल्याला त्याहून मोठे घ्यावे लागते. आणि घाण्याला जुंपलेल्या बैलाप्रमाणे दोघेही चालत राहतात, पण पुढे कोठेच पोहोचत नाहीत. अँड्र्यू जॉर्गेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते २००० या काळातील अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा सैन्याचा पसारा आणि कार्बन उत्सर्जन यांत संबंध आढळून आला. अर्थात, संबंध आढळणे म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होणे नव्हे. श्रीमंत व औद्योगिक देश शस्त्रांवरही अधिक खर्च करतात आणि कोळसाही अधिक जाळतात. म्हणून केवळ सरासरीवर न थांबता प्रत्यक्ष देशांचे अनुभव पाहणे आवश्यक ठरते. तत्पूर्वी मोजणीतील पोकळीचा उलगडा करू.

हिशेबातील पोकळी

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधील क्योटो येथे हवामानविषयक करार झाला. त्या वाटाघाटींत अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा एक आग्रह होता. लष्करी हालचालींवर बंधन येईल असे काही करारात असू नये, असे त्या खात्याचे म्हणणे होते. परिणामी आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी जहाजांनी व विमानांनी भरलेले इंधन, तसेच संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार चालणाऱ्या बहुराष्ट्रीय लष्करी कारवायांतील उत्सर्जन राष्ट्रीय बेरजेतून वगळण्यात आले. एवढी सवलत मिळवूनही २००१ मध्ये अमेरिकेने त्या करारातून अंग काढून घेतले. सवलत मात्र मागे राहिली. २०१५ च्या पॅरिस करारात ही सूट आपोआप पुढे चालू राहिली नाही, परंतु सैन्याचे उत्सर्जन स्वतंत्रपणे कळविण्याची सक्तीही झाली नाही. ते कळवावे की नाही, हे प्रत्येक देशावर सोडण्यात आले.

विकसनशील देशांवर क्योटो कराराने उत्सर्जन घटविण्याचे बंधन घातले नव्हते आणि त्यांनी द्यावयाचे अहवालही तुरळक व त्रोटक असत. पॅरिस करारानंतर त्यांनीही दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल द्यावयाचा आहे. पहिल्या अहवालाची मुदत डिसेंबर २०२४ ही होती. परंतु या अहवालांच्या तक्त्यात सैन्याच्या इंधनाला स्वतःचा ठळक रकाना नाही. ते ‘इतरत्र न नोंदलेले’ अशा सदरात जाते, किंवा नागरी वाहतुकीच्या आकड्यांत मिसळून जाते. गोपनीयतेचे कारण सांगून तपशील न देण्याची मुभाही आहे. जे मोजले जात नाही त्याची जबाबदारी कोणावर येत नाही, आणि ज्याची जबाबदारी कोणावर नाही ते कमी करण्याचा प्रयत्नही कोणी करीत नाही.

सियाचीन : बर्फावरील इंधन

या पोकळीचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच उत्तर सीमेवर आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू केले आणि तेव्हापासून सियाचीन हिमनदीच्या परिसरात दोन्ही देशांची सैन्ये समोरासमोर आहेत. सुमारे ७६ किलोमीटर लांबीच्या या हिमनदीचे पाणी नुब्रा नदीतून श्योकमध्ये व तेथून सिंधूत जाते. वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर काहीच पिकत नाही, काहीच उगवत नाही. धान्य, औषधे, दारूगोळा व रॉकेल हे सारे खालून न्यावे लागते. उंचावरील चौक्यांसाठी ते हेलिकॉप्टरने न्यावे लागते. विरळ हवेत हेलिकॉप्टर फार थोडे वजन उचलू शकते, म्हणून फेऱ्या वाढतात. प्यावयाचे पाणीसुद्धा बर्फ वितळवून मिळवावे लागते आणि त्यासाठी स्टोव्ह अखंड जळत ठेवावा लागतो. एका माणसाला एक दिवस जिवंत ठेवण्यासाठी इतके इंधन जाळावे लागणारी ठिकाणे पृथ्वीवर थोडीच असतील.

तेथील सैनिकांचा खरा शत्रू निसर्ग आहे. दोन्ही बाजूंचे बहुतांश मृत्यू गोळीने नव्हे, तर थंडी, उंची आणि हिमस्खलन यांमुळे झाले. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाल्यावरही मृत्यू थांबले नाहीत. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथील पाकिस्तानी तळावर हिमकडा कोसळून १४० जण गाडले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवरील दहा भारतीय सैनिक अशाच आपत्तीत मृत्युमुखी पडले. तापमानवाढीमुळे हिमालयातील बर्फाचे व उतारांचे स्थैर्य ढळत आहे, हे लक्षात घेता हा धोका पुढेही राहणारच आहे.

१९८९ मध्ये दोन्ही देश तोडग्याच्या जवळ आले होते. जून २००५ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी सियाचीनला भेट देऊन हे रणक्षेत्र शांततेचा पर्वत व्हावे अशी इच्छा व्यक्त केली. गयारीच्या दुर्घटनेनंतर पाकिस्तानचे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल कयानी यांनीही हा प्रश्न सोडविण्याची गरज बोलून दाखविली. तरीही प्रश्न सुटला नाही. माघारीपूर्वी आजची ठाणी नकाशावर नोंदवून प्रमाणित करावीत, ही भारताची भूमिका राहिली आहे. आणि परस्परांवर विश्वास नसताना ती निराधार म्हणता येणार नाही. येथे दोष सैनिकांचा नाही. ते आपले कर्तव्य करीत आहेत. प्रश्न राजकारणाने न सोडविल्यामुळे त्याची किंमत सैनिकाचे शरीर आणि हिमनदीचे पाणी मोजत आहे, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जो अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेसमोर आला, त्यात सियाचीनसह अतिउंच प्रदेशातील सैनिकांना बर्फातील चष्मे, बूट व शिधा पुरेसा वा वेळेवर मिळत नसल्याची नोंद होती. म्हणजे लेखापरीक्षकाची दृष्टी त्या उंचीपर्यंतही पोहोचू शकते, आणि त्यामुळे देशाची सुरक्षा धोक्यात येत नाही. उलट सैनिकाचे हितच साधते. जो लेखापरीक्षक बूट मोजू शकतो तो इंधनही मोजू शकेल.

म्यानमार : जंगल विकून बंदूक

लष्करी खर्चातून होणारे उत्सर्जन नेहमी धुराड्यातूनच होते असे नाही. म्यानमारमध्ये ते जंगलातून झाले. १८ सप्टेंबर १९८८ रोजी लोकांचे आंदोलन चिरडून लष्कराने सत्ता हाती घेतली. परकीय मदत आटली, तिजोरी रिकामी होती आणि सैन्य तर वाढवावयाचे होते. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९८८ मध्ये, शेजारच्या थायलंडच्या दक्षिण भागात जंगलतोडीमुळे भीषण पूर व दरडी आल्या आणि जानेवारी १९८९ मध्ये थायलंडने आपल्या हद्दीतील व्यापारी वृक्षतोडीवर बंदी घातली. थायलंडच्या लाकूड कंपन्यांना नवी जंगले हवी होती आणि म्यानमारच्या सेनाधिकाऱ्यांना परकीय चलन. डिसेंबर १९८८ मध्ये थायलंडच्या लष्करप्रमुखांनी रंगूनला भेट दिली आणि त्यानंतर सीमेलगतच्या सागवानी जंगलांतील तोडीचे परवाने थाई कंपन्यांना देण्यात आले. एका देशाने आपले जंगल वाचविले आणि ती कुऱ्हाड शेजाऱ्याच्या जंगलात गेली. शेजारी राज्यकारभार लोकांना उत्तरदायी नव्हता, म्हणूनच हे इतक्या सहज घडले.

पुढील तीन दशकांत ही व्यवस्था मुरत गेली. २००८ च्या राज्यघटनेने कायदेमंडळातील २५ टक्के जागा लष्करासाठी राखून ठेवल्या आणि संरक्षण, गृह व सीमा ही खाती सेनापतीच्या हाती दिली. लष्कराच्या मालकीचे उद्योगसमूह उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१९ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल दिला आणि लष्कराला अर्थसंकल्पाबाहेरून, म्हणजे लोकांच्या देखरेखीबाहेरून, पैसा कसा मिळतो हे उघड केले. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या वनगणनेनुसार २०१० ते २०२० या दशकात म्यानमारने दरवर्षी सरासरी २ लाख ९० हजार हेक्टर वन गमावले. वन गमावणाऱ्या देशांत त्याचा क्रमांक सातवा होता. या सर्वच घटीला लष्कर कारण होते असे म्हणता येणार नाही. शेतीविस्तार, खाणी आणि जळण यांचाही त्यात वाटा होता. परंतु एक गोष्ट अर्थपूर्ण आहे. २०१६ मध्ये निवडून आलेले नागरी सरकार सत्तेवर येताच त्याने देशभर वृक्षतोडीला एक वर्षाची स्थगिती दिली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ते सरकार उलथून टाकण्यात आले आणि देश पुन्हा यादवीत लोटला गेला.

कोस्टा रिका : सैन्य गेले, मग काय झाले ?

याच्या अगदी उलट टोकाला मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा छोटा देश आहे. १९४८ मधील सुमारे सहा आठवड्यांच्या यादवीनंतर सत्तेवर आलेले होसे फिगेरेस यांनी १ डिसेंबर १९४८ रोजी सैन्य विसर्जित केले. त्या दिवशी त्यांनी राजधानीतील बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर हातोड्याचा घाव घातला आणि ती इमारत राष्ट्रीय संग्रहालयासाठी दिली. १९४९ च्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमाने कायमस्वरूपी सैन्याला मनाई केली. त्याच वर्षी देशाची सार्वजनिक वीजसंस्था स्थापन झाली. नद्यांवरील जलविद्युत, ज्वालामुखींच्या परिसरातील भूऔष्णिक वीज आणि पुढे पवनऊर्जा यांच्या जोरावर गेल्या दशकातील बहुतेक वर्षांत या देशाची ९५ टक्क्यांहून अधिक वीज नवीकरणीय स्रोतांतून आली.

एवढ्यावरून ‘सैन्य काढा, वने वाढतील’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि या लेखातील मुख्य मुद्दा येथेच आहे. सैन्य विसर्जित झाल्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत कोस्टा रिकाची वने वाढली नाहीत. ती वेगाने नष्ट झाली. गोमांसाच्या निर्यातीसाठी बँका स्वस्त कर्ज देत होत्या आणि जंगल तोडून कुरण करणे म्हणजे जमीन ‘सुधारणे’, असे कायदाच मानीत होता. चाळीसच्या दशकात देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाच्छादित होता; ऐंशीच्या दशकात ते प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. तेव्हाही देशात सैन्य नव्हते.

चित्र पालटले ते धोरण बदलल्यावर. १९९६ च्या वनकायद्याने जंगलाचे रूपांतर अन्य वापरात करण्यास मनाई केली आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला त्याच्या सेवेबद्दल मोबदला देण्याची योजना १९९७ पासून सुरू झाली. तिच्यासाठी इंधनावरील कराचा एक भाग राखून ठेवण्यात आला. इंधन जाळणाऱ्याने झाड राखणाऱ्याला पैसे द्यावेत, असे हे सरळ सूत्र होते. आज देशाचा निम्म्याहून अधिक भूभाग पुन्हा वनाच्छादित आहे. सैन्य नसल्यामुळे पैसा व राजकीय अवकाश उपलब्ध झाला हे खरे. परंतु त्या अवकाशाचे वनात रूपांतर केले ते कायद्याने, निवडून आलेल्या सरकारांनी आणि नियमित चालणाऱ्या यंत्रणेने. दोषही आहेतच. या देशातील वाहतूक मुख्यतः पेट्रोल-डिझेलवर चालते, आणि २०२३ मध्ये तेथे खुनांची संख्या विक्रमी झाली, हेही नोंदविले पाहिजे. शिवाय १९४७ च्या अमेरिकाखंडीय संरक्षण कराराचे छत्र त्याला लाभले होते. सर्व देशांना हा मार्ग जसाच्या तसा अनुसरता येणार नाही.

राज्यकारभार हा मधला दुवा

या तीन उदाहरणांवरून काय दिसते ? लष्करी खर्च आणि कार्बन यांच्यामध्ये राज्यकारभार हा दुवा आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी राज्यकारभाराचे सहा निकष ठरविले आहेत : लोकांचा आवाज व उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य व हिंसेचा अभाव, शासनाची परिणामकारकता, नियमनाची गुणवत्ता, कायद्याचे राज्य आणि भ्रष्टाचारावरील नियंत्रण. म्यानमारमध्ये यांतील पहिलाच निकष नाकारला गेला आणि जंगलाची किंमत कोणी कोणाला विचारू शकले नाही. कोस्टा रिकात नियमन चुकले तेव्हा सैन्य नसूनही वन गेले, आणि नियमन सुधारले तेव्हा ते परतले. सियाचीनमध्ये दुसरा निकष, म्हणजे दोन शेजाऱ्यांतील राजकीय स्थैर्य, साधले नाही.

वाचलेला पैसा आपोआप सत्कारणी लागत नाही, याचा जागतिक पुरावाही उपलब्ध आहे. शीतयुद्ध संपताना १९८७ ते १९९४ या काळात जगाचा लष्करी खर्च सातत्याने घटला. पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री महबूब उल हक यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने ही बचत ९०० अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे दाखविले. मात्र ती मानवी विकासावर खर्च झाल्याचे स्पष्ट दिसत नाही, हेही त्याच अहवालाने सांगितले. शांततेचा लाभांश मिळाला, पण तो कोणत्या खात्यात जमा झाला हे कोणी पाहिले नाही.

खर्चावर देखरेख नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण टांझानियाचे आहे. या गरीब देशाने २००१ मध्ये ब्रिटनच्या ‘बीएई सिस्टिम्स’ कंपनीकडून सुमारे २ कोटी ८० लाख पौंडांची लष्करी रडार यंत्रणा घेतली. ती महाग व नागरी गरजेला अयोग्य असल्याचा आक्षेप जागतिक बँकेनेही घेतला होता. २०१० मध्ये या व्यवहाराच्या हिशेबनोंदी योग्य रीतीने न ठेवल्याचा गुन्हा कंपनीने कबूल केला आणि जवळपास तेवढीच रक्कम टांझानियाच्या जनतेसाठी द्यावी लागली. त्या पैशातून शाळांची पाठ्यपुस्तके आणि बाके घेण्यात आली. एका रडारच्या किमतीत किती मुलांना पुस्तके मिळू शकतात, हे त्या देशाला असे योगायोगाने कळले.

काय करता येईल ?

येथे एका आक्षेपाचे उत्तर देणे इष्ट ठरेल. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे. ते जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. वातावरणातील साचलेला कार्बन मुख्यतः श्रीमंत देशांनी सोडला आणि लष्करी खर्चातही तेच आघाडीवर आहेत. एकट्या अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे उत्सर्जन २०१७ मध्ये स्वीडन किंवा पोर्तुगाल या संपूर्ण देशांपेक्षा अधिक होते. मग गरीब देशांनीच हिशेब का द्यावा, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न न्याय्य आहे आणि पहिली जबाबदारी श्रीमंतांचीच आहे, यात शंका नाही. परंतु गरीब देशाने स्वतःचा हिशेब मांडणे हे श्रीमंतांवर उपकार करण्यासाठी नसून स्वतःच्या नागरिकांसाठी आहे. ज्याच्याजवळ चोख हिशेब असतो तोच दुसऱ्याकडे हिशेब मागू शकतो.

त्यासाठी काही पावले सुरक्षेला बाधा न आणता उचलता येतील. पहिले, सैन्याच्या वार्षिक इंधनवापराचा एकत्रित आकडा प्रसिद्ध करणे. एका वर्षाची बेरीज कळल्याने कोणत्या चौकीवर किती तेल आहे हे शत्रूला कळत नाही. दुसरे, शस्त्रखरेदीच्या वेळी किमतीबरोबर तिच्या संपूर्ण आयुष्यातील इंधनखर्च संसदेसमोर ठेवणे. तिसरे, शेजाऱ्यांशी वाटाघाटी करून दोघांनी एकाच वेळी खर्च घटविणे; कारण एकट्याने घाण्यातून बाहेर पडणे कठीण असते. चौथे, सैन्याच्या शिस्तीचा उपयोग पर्यावरणासाठी करणे. याचा अनुभव आपल्याकडे आहे. चुनखडीच्या खाणींनी उजाड झालेल्या मसुरीच्या डोंगरांवर पुन्हा झाडे उभी करण्यासाठी १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन उभारण्यात आली. मराठवाड्यातही महार रेजिमेंटशी संलग्न असलेली १३६ वी पर्यावरण बटालियन २०१७ मध्ये त्याच कामासाठी स्थापन झाली. या तुकड्यांत माजी सैनिक असतात. तोच गणवेश, तीच शिस्त. हातात मात्र रोप असते. अशा तुकड्यांनी इंधनाचा हिशेब फिटत नाही, पण दिशा कळते.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाविषयी बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा कदाचित संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले होते. तोफखान्याच्या अधिपतीविषयी वा कोणत्याही मंत्र्याविषयी नव्हे, तर हिशेब तपासणाऱ्याविषयी त्यांनी हे म्हटले, हे विशेष. राज्याची शक्ती शस्त्रागारात किती शस्त्रे आहेत यावरून मोजण्याची सवय आपल्याला लागली आहे. परंतु ज्या राज्यात शेवटच्या नागरिकाला प्रश्न विचारता येतो, आणि त्याला उत्तर मिळते, ते राज्य खऱ्या अर्थाने सुरक्षित असते. १९५१ मध्ये ३५० कोटींपैकी १८० कोटी कोठे जातात, असा प्रश्न एका माजी कायदेमंत्र्याने विचारला. आज त्याच वहीत रुपयांच्या शेजारी कार्बनचा रकाना आखून पुढचा प्रश्न विचारण्याचे काम नागरिकांचे आहे.